घरगुती समारंभानिमित्त

रविवारी दुपारी चार वाजता मीनाक्षी घाडी तिसऱ्यांदा म्हणाली, "नमस्कार. ई-फाईलमध्ये टिप्पणी कशी जोडावी, हे आज आपण पाहणार आहोत," आणि पलंगावर आडवे झालेले तिचे बाबा तिसऱ्यांदा घोरले. पहिल्या दोन वेळा ते खरोखरच घोरले होते. तिसऱ्या वेळी मुद्दाम.

"बाबा, रेकॉर्डिंग चालू आहे."

"मग मी काय केलं? तू काम शिकवतेस की अंगाई गातेस गो?"

मीनाक्षीने मोबाईल बंद केला. ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होती आणि विद्यापीठाने यंदा सगळ्या कर्मचाऱ्यांना सात दिवसांचं कौशल्य प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. सहा दिवस पार पडले होते. त्यांत त्यांना संगणकावरून रजा टाकायला, फाईल दुसऱ्या टेबलावर ढकलायला आणि तणाव आला की पोटातून श्वास घ्यायला शिकवलं होतं. सातव्या दिवशी गृहपाठ होता. एखादं कार्यालयीन कौशल्य इतरांना शिकवणारा चार मिनिटांचा व्हिडिओ सोमवारी सकाळी दहाच्या आत पोर्टलवर चढवायचा. कौशल्य स्वतःचं किंवा ओळखीतल्या एखाद्या अनुभवी व्यक्तीचं असलं तरी चालेल, असं सूचनेत लिहिलं होतं. व्हिडिओ नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर बढतीच्या यादीत नाव नाही.

"अनुभवी व्यक्ती म्हणजे किती अनुभवी?" बाबांनी पडल्या पडल्या विचारलं. "चौतीस वर्षं पुरतात काय?"

"तुला काय येतं, बाबा?"

"गाठ."

रमाकांत घाडी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये दप्तरी होते. जुन्या खटल्यांचे कागद कापडी रुमालात बांधायचे, फळीवर चढवायचे आणि कुणी मागितले की उतरवून द्यायचे. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ स्वीकारून झाल्यावर त्यांनी साहेबांकडे एक विटका लाल रुमाल मागून घेतला होता. रुमाल म्हणजे खिशात घालायचा नव्हे, चांगला दोन हात लांबरुंद. सोळा वर्षं तो पेटीत पडून होता. भोईवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहत. दोघांत बोलणं पुष्कळ व्हायचं, पण बहुतेक एकमेकांच्या चुका काढण्यासाठी.

बाबा उठले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि पलंगाखालचे मीनाक्षीचे दिवाळी अंक ओढून काढले.

"ते कशाला?"

"बांधायला कागद नकोत? दोन वर्षं माझ्या उशापायथ्याशी पडलेत. कूस वळवली की एखादी कथा टोचते."

"म्हणजे तुला माझी पुस्तकं आवरायचीत. व्हिडिओ हे निमित्त."

"दोन्ही कामं होतात. चालू कर तुझं ते."

तिने मोबाईल समोर धरला आणि बाबांची भाषाच बदलली. घरात 'गो' आणि 'काय' करणारा माणूस एकदम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यासारखा बोलायला लागला.

"नमस्कार. मी रमाकांत घाडी. आधी रुमालाची ही समोरासमोरची दोन टोकं घ्यायची आणि एक वेढा द्यायचा, घट्ट. मग उरलेली दोन. आता हे शेवटचं टोक पुरतं ओढून घ्यायचं नाही. दुमडून आत द्यायचं, म्हणजे असा कान बाहेर राहतो. कान विसरलात की कात्री आली. कात्री आली की रुमाल जातो आणि आतले कागदसुद्धा जातात. आमच्याकडे एका घाईच्या माणसाने एकदा अर्धा खटला कापला होता. पक्षकार अजून..."

"बाबा, हात चालव. तोंड कमी."

"ही माझी मुलगी," बाबांनी कॅमेऱ्यात पाहून शांतपणे सांगितलं. "हिला घाई असते. घाईच्या माणसाला ही गाठ जमत नाही."

त्यांनी गठ्ठा एका हाताने उचलून वर-खाली हलवला. गाठ जागची हलली नाही. "उचलली तर सुटता कामा नये. कान ओढला तर अडता कामा नये. झालं. न कळलं तर येऊन विचारा. मी घरीच असतो."

मीनाक्षीने मोबाईल खाली घेतला.

"कशी झाली?"

"चालेल."

"चालेल म्हणजे चांगली की वाईट?"

"चालेल म्हणजे चालेल, बाबा."

"तुझ्या आईनेही भाजी कशी झाली विचारलं की तू हेच म्हणायचीस," बाबा म्हणाले आणि त्यांनी शर्ट काढून पुन्हा हँगरला लावला.

पोर्टलने अनुभवी व्यक्तीचं नाव आणि मोबाईल नंबर विचारला, तो तिने भरला. व्हिडिओ चढला. मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती, आणि चढवून झालं की फोनमधून काढून टाकावं असं प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं, म्हणून तिने तो काढून टाकला. जेवताना बाबांनी आणखी दोनदा विचारलं, लोक बघणार ना. ती पुस्तकातून डोकं वर न काढता हो म्हणाली.

सोमवारी सकाळी सव्वासहाला पाणी आलं. बाबांनी पिंप भरला, नळ बंद केला, "मिने, चहा टाक" म्हणाले आणि पलंगावर बसले. ती चहा गाळून बाहेर आली तेव्हा ते बसलेलेच होते. पण चहा घ्यायला ते उरले नव्हते.

पुढचं सगळं चाळीने केलं. डॉक्टर आणले, गावाला फोन केले, नातेवाइकांना कळवलं. मीनाक्षीला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. जो येई तो ऐकूनच आलेला असे. एकच काम असं होतं, जे तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला करता येणार नव्हतं. ते म्हणजे रजा.

सगळं आटोपून आल्यावर ती गॅलरीच्या टोकाला उभी राहिली आणि तिने मोबाईलवर रजेचं पान उघडलं. पूर्वी कागदावर दोन ओळी खरडल्या की भागायचं. आता कारण निवडायचं होतं, आणि कारणं चार होती. 'आजारपण (वैद्यकीय दाखला जोडा)', 'प्रवास (तिकीट जोडा)', 'घरगुती समारंभ' आणि 'इतर (पुरावा जोडा)'. पुरावा म्हणून लागणारा मृत्यूचा दाखला मिळायला आठवडा होता. प्रशिक्षण देणाऱ्या विनीतने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की अडलात तर जिथे काही जोडावं लागत नाही तो पर्याय निवडा, अर्ज लगेच पुढे सरकतो. मीनाक्षी प्रशिक्षणात लक्ष देणाऱ्या मोजक्या लोकांपैकी होती. तिने 'घरगुती समारंभ' दाबलं. अर्ज लगेच पुढे सरकला.

तो नुसता सरकला असता तर ठीक होतं. पण नव्या पद्धतीत रजा मंजूर झाली की सगळ्या विभागाला आपोआप संदेश जायचा. तो असा होता: 'आपल्या सहकारी श्रीमती मीनाक्षी घाडी घरगुती समारंभानिमित्त तेरा दिवसांच्या रजेवर आहेत. त्यांना हार्दिक शुभेच्छा.' तेरा या आकड्यावर कुणी क्षणभर थांबलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण खाली गुलाबाचं फूल होतं, आणि गुलाबाच्या फुलापुढे आकड्याचं काही चाललं नाही.

"तेरा दिवस म्हणजे बारसं नाही," शेजारच्या टेबलावरची अपेक्षा म्हणाली. "मॅडमनी गुपचूप लग्न उरकलं."

"या वयात?" कुणीतरी विचारलं.

"त्रेचाळीस म्हणजे काय वय आहे? आणि पुस्तकं वाचणाऱ्या बाया असंच करतात. एकदम."

कक्षाधिकारी अभय नाचणे हे समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी विभागाला तंबी दिली, की पंधरा दिवस घाडी मॅडमना कुणीही फोन करायचा नाही. "नवीन संसार असतो. आपण समजून घ्यायला हवं." विभागाने इतकं समजून घेतलं, की एकाही माणसाचा फोन आला नाही.

त्यामुळे मीनाक्षी पंधराव्या दिवशी गिरगावातल्या कचेरीत आली, तेव्हा टेबलावर पुष्पगुच्छ होता आणि टेबलाभोवती माणसं होती.

"मॅडम, छुप्या रुस्तम निघालात हां," अपेक्षा म्हणाली. "बारीक पण झालात."

"तसं काही नाही गं."

"बघा, लाजल्या."

"बरं, लग्न नसेल, साखरपुडा असेल," नाचणे मधे पडले. "सांगतील त्या सवडीने. बाबा खूश असतील ना?"

वाक्य तयार होतं. दोनच शब्दांचं होतं. पण चाळीने ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की तिच्या स्वतःच्या तोंडून ते अजून एकदाही निघालं नव्हतं. आता बारा माणसं आणि एक पुष्पगुच्छ यांच्यासमोर ते पहिल्यांदा कसं काढायचं, हे सहा दिवसांच्या प्रशिक्षणात कुठेच नव्हतं. तिने पोटातून श्वास घेतला.

"हं," ती म्हणाली.

"मग पेढे?"

पेढे त्या दिवसात चार वेळा मागितले गेले. दुपारी ती नाक्यावरच्या दुकानात गेली आणि अर्धा किलो पेढे घेऊन आली, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. स्वतःचा पेढा तिने कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. बाबांना पेढा फार आवडायचा, आणि डॉक्टरांनी मना केल्यापासून जास्तच आवडायचा.

गोष्ट इथवर राहिली असती, तरी महिन्याभरात विभाग दुसऱ्या कुणाच्या मागे लागला असता. पण बुधवारी विनीत वर आला. हा प्रशिक्षण कक्षाचा समन्वयक. वय सव्वीस, हातात कायम लॅपटॉप, आणि कुठलीही गोष्ट आनंदाची असल्यासारखी सांगायची सवय.

"घाडी मॅडम, तुमचे बाबा सुपरहिट आहेत. अकराशे व्ह्यूज. कुलगुरूंच्या मनोगताला नव्वद आहेत."

परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीने बांधायची पद्धत होती आणि ते उघडायची पद्धत म्हणजे ब्लेड. दर परीक्षेत दोन-चार उत्तरपत्रिका आणि एखादं बोट कापलं जायचं. पंधरा दिवसांत घाडींच्या व्हिडिओने ते बंद केलं होतं. गोदामातल्या लोकांनी जुन्या पडद्यांचे रुमाल कापले होते. अपेक्षासुद्धा डबा ओढणीत बांधून आणत होती आणि कान ओढून दाखवत होती.

"काकांना आम्ही तज्ज्ञ प्रशिक्षक म्हणून बोलावतोय. येत्या शुक्रवारी, मोठ्या हॉलमध्ये. येतील ना?"

"ते इथे नसतात सध्या."

"गावाला गेलेत?"

मीनाक्षीने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"परत कधी?"

"काही सांगता येत नाही."

"म्हातारी माणसं एकदा कोकणात गेली की गेलीच," विनीत आनंदाने म्हणाला. "मी मेसेज टाकतो त्यांना. नंबर आहे पोर्टलवर."

बाबांचा बटणांचा फोन मीनाक्षीच्या पर्समध्ये होता. ती तो रोज रात्री चार्ज करायची. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. विनीत जिना उतरला नसेल तोच पर्समध्ये टुंग झालं. 'आदरणीय घाडी सर,' अशी सुरुवात होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं. ते सुरू झालं ते आता.

शुक्रवारी घाडी सर आले नाहीत. संध्याकाळी पर्समध्ये पुन्हा टुंग झालं. 'आपण पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्याचे दिसून येते. तीन दिवसांत खुलासा करावा.' हाच संदेश शिफारस करणारी कर्मचारी म्हणून मीनाक्षीलाही आला, आणि खुलासा तिनेच पोर्टलवर भरायचा होता. एकवीस वर्षं तिने दुसऱ्यांचे खुलासे तपासले होते. तिने लिहिलं, 'अपरिहार्य कारणामुळे उपस्थित राहता आले नाही.' पोर्टलने उत्तर दिलं, 'आपला खुलासा समाधानकारक आहे. पुढील शुक्रवारी उपस्थित राहावे.' खुलाशात एक शब्दही खोटा नव्हता, असं तिने स्वतःला बसमध्ये बजावून सांगितलं.

खरं तर तिला ते संदेश आवडायला लागले होते. घरी पलंग रिकामा होता, रेशनकार्डावरचं नाव काढायचा अर्ज टेबलावर होता, आणि पेन्शनच्या कचेरीने 'मयत' हा शब्द एका कागदावर सहा वेळा छापून पाठवला होता. अख्ख्या मुंबईत हे एकच ठिकाण असं होतं, जिथे रमाकांत घाडी यांनी शुक्रवारी अकरा वाजता हजर राहावं असं कुणाला तरी वाटत होतं. रोज दुपारी डबा खाल्ला की ती कचेरीच्या संगणकावर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची. अकराशेंतले साठेक व्ह्यूज तिचेच असावेत. दुसरीकडे तो कुठेच नव्हता. पोर्टलवरून तो उतरवून घेता येत नसे, फक्त पाहता येई.

सोमवारी तिने विनीतला सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा, या शुक्रवारीही नाही जमलं तर?"

"मग वांधा आहे, मॅडम. दुसऱ्यांदा गैरहजर तर सिस्टिम प्रशिक्षकाचं नावच काढते. व्हिडिओसकट. माझ्या हातात काही नाही."

"कायमचा?"

"पूर्ण डिलीट. पण टेन्शन नका घेऊ. बदली प्रशिक्षक चालतो. घरचं कुणी आलं तरी चालेल. फक्त कारण टाका."

त्या दिवशी पाच वाजता सगळे गेल्यावर तिने बदली प्रशिक्षकाचं पान उघडलं. नाव : मीनाक्षी रमाकांत घाडी. मूळ प्रशिक्षक न येण्याचं कारण? पुन्हा तीच चार कारणं समोर आली. दाखला एव्हाना मिळाला होता. तिने 'इतर' निवडलं, दाखल्याचा फोटो काढला, जोडला आणि पाठवला. निदान आता कळेल, तिला वाटलं. कुणीतरी उघडून पाहील, आणि मग मला काही बोलावं लागणार नाही.

दीड मिनिटात उत्तर आलं. 'पुरावा प्राप्त. मंजूर. मंजूर करणारे : विनीत.' तिने दोन दिवस वाट पाहिली. बुधवारी विनीत जिन्यात भेटला आणि त्याने अंगठा वर करून दाखवला. "सही पकडलीत तुम्ही प्रोसेस."

शुक्रवारी ती भोईवाड्याहून टॅक्सीने आली, कारण बरोबर गठ्ठा होता. बाबांनी त्या रविवारी बांधलेला. तिने तो तेव्हापासून उघडला नव्हता. त्यातला एक अंक तिला वाचायचा होता, तरीही. टॅक्सीतून उतरताना, लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढताना, तो नुसत्या गाठीवर लटकला होता. गाठ हलली नाही.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. प्रत्येकाच्या मांडीवर पडद्याचा एकेक रुमाल. पहिल्या रांगेत नाचणे आणि त्यांच्या शेजारी अपेक्षा. विनीतने माईक हातात घेतला.

"आपले लाडके घाडी काका काही कारणाने येऊ शकलेले नाहीत. त्यांच्या उत्तम आरोग्यासाठी आपण सगळे प्रार्थना करू या. आज त्यांची कन्या आपल्याला शिकवणार आहे. आणि बघा, काकांच्या हातची ओरिजिनल गाठ."

तो गठ्ठा उंच धरून त्याने सगळीकडे फिरवला. "उचलली तर सुटत नाही. बरोबर? आणि कान ओढला तर?"

"थांब," मीनाक्षी म्हणाली.

विनीतने कान ओढला. तो मागच्या रांगेला दिसावं म्हणून जरा जोरातच ओढला. गाठ एका झटक्यात, कसलीही तक्रार न करता सुटली. दोन वर्षांचे दिवाळी अंक व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून घसरत पहिल्या रांगेपर्यंत गेले, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या.

मीनाक्षीने रुमाल उचलून घेतला. कापडावर गाठीच्या सुरकुत्या तशाच होत्या. अपेक्षाने अंक गोळा करून दिले. "मॅडम, आता तुम्ही."

तिने याआधी ती गाठ कधी बांधली नव्हती. नुसती पाहिली होती, साठ वेळा. तिने रुमाल पसरला आणि अंक रचले. समोरासमोरची दोन टोकं, एक वेढा, घट्ट. मग उरलेली दोन. शेवटचं टोक पुरतं ओढायचं नाही. इथे तिचे हात सावकाश झाले. एवढे सावकाश, की हॉलमधली कुजबुज थांबली. टोक दुमडून आत गेलं, कान बाहेर राहिला. तिने गठ्ठा एका हाताने उचलला आणि वर-खाली हलवला.

"वा," नाचणे म्हणाले. "बाबांना कळवा. त्यांना बरं वाटेल."

विनीतने पडद्यावर व्हिडिओ लावला. बाबा भिंतीएवढे झाले होते. अर्धा खटला कापणाऱ्या माणसापाशी हॉल हसला. "हिला घाई असते," या वाक्यावर तर फारच हसला. शेवटी बाबांनी गठ्ठा हलवला आणि ते सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "न कळलं तर येऊन विचारा. मी घरीच असतो."

"मग जाऊ की एकदा," नाचणे उत्साहाने मागे वळून म्हणाले. "गावाहून आले की रविवारी सगळे भोईवाड्यात. काकांना भेटू, जावयांनाही बघू."

"मी येणार," अपेक्षा म्हणाली.

"मी पण," मागून कुणीतरी म्हणालं. विनीतने लॅपटॉपवर रविवार उघडला.

मीनाक्षीने त्याच्या हातातला माईक घेतला. तिला वाटलं होतं, की हे म्हणायला फार मोठा आवाज लागेल. तसा तो लागला नाही.

"बाबा घरी नसतात आता," ती म्हणाली. "हा व्हिडिओ पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी रजेवर होते ते त्यासाठी. जावई वगैरे कुणी नाही."

पडद्यावर बाबा गठ्ठा हातात धरून थांबलेले होते.

"पण मग ते पेढे?" नाचणेंनी फार हळू आवाजात विचारलं.

"तुम्ही मागितलेत, सर."

नाचणेंनी मान खाली घातली आणि ते मांडीवरच्या रुमालाची घडी करू लागले. अपेक्षा उठून मीनाक्षीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

विनीतने लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिला. "मॅडम, हे तुम्ही सोमवारीच पाठवलं होतं."

"हो."

"मी मंजूर केलं होतं."

"दीड मिनिटात."

"सॉरी, मॅडम. मी जोडलेलं कधी उघडत नाही. कुणीच नाही उघडत."

"व्हिडिओ राहील ना?"

"राहील. बदली प्रशिक्षक हजर आहे. आणि मी तुम्हाला पेनड्राईव्हवर देतो. अलाउड नाहीये, पण देतो."

मग कुणालाच पुढे काय करायचं ते कळेना. उठावं तर बरं दिसत नव्हतं, बसावं तर काही चाललं नव्हतं. विनीत सव्वीस वर्षांचा होता आणि अशा वेळी त्याच्याजवळ एकच आधार होता. त्याने कार्यक्रमपत्रिका पाहिली. तिच्यात पुढे लिहिलं होतं, 'प्रशिक्षकांविषयी अभिप्राय, एका वाक्यात.'

"कुणी सुरुवात करेल का?" त्याने हळूच विचारलं. "प्रशिक्षकांविषयी. म्हणजे काकांविषयी."

माईक अजून मीनाक्षीच्या हातात होता. ती पडद्याकडे वळली. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग. उत्तराची वाट बघत असल्यासारखा तो चेहरा थोडा पुढे झुकला होता.

"छान बांधलीस, बाबा," ती म्हणाली. "चालेल नाही. छान."